वाजला होता, वाजत होता

पलटणीच्या इतिहासग्रंथात घोड्यांना चार पानं होती, भटारखान्याला तीन आणि बँडला दोन. ही दोन पानं लिहायचं काम ग्रंथसमितीने बाईंकडे दिलं, कारण त्या शाळेत इतिहास शिकवत होत्या आणि त्यांचे वडील त्याच पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत असत. समितीचे अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. त्यांच्या मते यात फार काही करण्यासारखं नव्हतं.

"घरबसल्या होईल तुमचं," ते म्हणाले. "गणवेशाचा एक फोटो, मग पुलाची गोष्ट, शेवटी जवानांचं मनोबल वगैरे. झालं."

पुलाची गोष्ट पलटणीत सगळ्यांना पाठ होती. फार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात पलटणीला माघार घ्यावी लागली. नदीवर एकच पूल शिल्लक होता आणि त्यावर तोफगोळे पडत होते. बँड पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि शेवटची तुकडी पार होईपर्यंत वाजवत राहिला. निम्मा बँड परत आला नाही. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात या प्रसंगाचं भिंतभर तैलचित्र आहे. चित्रातला ढोलवाला बाईंच्या वडिलांपेक्षा बराच देखणा आहे.

बाई ही गोष्ट ऐकतच मोठ्या झाल्या होत्या. तरी त्यांनी कर्नलसाहेबांना विचारलं, "हे लिहायचं, पण कशावरून?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. शाळेत मुलींनी त्यांचं नावच 'कशावरून' ठेवलं होतं. एखाद्या मुलीने धडाधड उत्तर म्हटलं, की बाई चष्म्यावरून बघत एवढंच विचारायच्या. मुलगी "पुस्तकात आहे" म्हणाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असे: "आणि पुस्तकाला कोणी सांगितलं?" बाईंच्या वर्गात पहिला नंबर काढणं अवघड होतं. नापास होणं त्याहून अवघड, कारण "मला माहीत नाही" या उत्तराला त्या निम्मे गुण देत.

कर्नलसाहेब हसले. "अहो, कशावरून काय? तुमचे वडील होते तिथे! त्यांनाच विचारा."

पण बाईंनी आधी वाचायला घेतलं. शाळा सुटली की त्या ग्रंथालयात जाऊन बसत. लष्करी संगीतावर लिहिणारे लोक त्यांना दोन प्रकारचे आढळले. पहिल्यांना बटणं दिसतात. अमुक साली बँडच्या कॉलरला कोणता रंग होता हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दुसऱ्यांना मनोबल दिसतं. ते कधी उंचावतं, कधी टिकतं. पण ते मोजलं कसं, हे कुठेही लिहिलेलं नसतं. बाकी युद्धांच्या जाड इतिहासांत बँडला एक वाक्य मिळतं आणि तेही लढाई वर्णन करून लेखक दमला की. वाजवणाऱ्याच्या हाताला थंडीत काय होतं, वाद्य कोण उचलतं, पोटात काही नसताना फुंकर कुठून येते, हे कोणालाच विचारावंसं वाटलेलं नव्हतं.

पुलाची गोष्ट बाईंनी उलट्या बाजूने वाचली, नव्या पुस्तकाकडून जुन्याकडे. सगळ्यात नव्या, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात पहाट फुटत होती आणि ढोलवाला रडत होता. त्याआधीच्या विद्वान ग्रंथात पहाट होती पण रडणं नव्हतं. तिथे हा प्रसंग ध्वनी आणि शिस्त यांच्या संबंधाचा नमुना म्हणून आला होता. त्याआधी एका सेनापतीच्या आठवणी होत्या. त्यांत पहाटही नव्हती, फक्त पलटणीचं कूचगीत होतं. त्याच्याही मागे पलटणीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका. तिच्यात कूचगीत नव्हतं. एका साध्या शिपायाच्या तोंडचं एकच वाक्य होतं: 'पुलावर पोचेपर्यंत आमचा बँड वाजत होता.'

स्मरणिकेने हे वाक्य लष्करी रुग्णालयाच्या जुन्या वार्तापत्रातून घेतलं होतं. बाईंनी तेही काढायला लावलं. तिथे शिपायाचं बोलणं पूर्ण छापलेलं होतं: 'बूट फाटले, खायला काही नाही, पायांची चाळण झालेली. पुलावर पोचेपर्यंत आमचा बँड वाजला होता.'

बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की ग्रंथपालाने मान वर करून पाहिलं.

'वाजला होता.' म्हणजे वाट लागली होती, दाणादाण उडाली होती. बिचारा शिपाई आपली दुर्दशा सांगत होता. स्मरणिकेच्या कोणा गंभीर संपादकाला 'वाजला' हे बोलणं बरं वाटलं नसावं, किंवा कळलं नसावं. त्याने बूट आणि पोट कापलं, 'ला'चा 'त' केला, आणि बँड वाजायला लागला. पुढच्याने त्याला गाणं दिलं, त्याच्या पुढच्याने पहाट. शेवटच्याने ढोलवाल्याच्या डोळ्यांत पाणी आणलं.

घरी जाताना मात्र बाईंचं हसू राहिलं नाही. संपादकाची चूक समजण्यासारखी होती. पण वडील तिथे होते. आणि दर वर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्यात ते हीच गोष्ट सांगत, उभं राहून, हात हवेत ढोलासारखे फिरवत.

वडील आणि बाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. वडिलांनी नव्वदी गाठली होती. पाठ ताठ, ऐकू नीट येत असे, आणि अजूनही कुठे निघाले की पहिला पाय डावाच पडे. बँडच्या वसाहतीत मुलं चालायला शिकत तीही डाव्या पायाने. बाईही त्यातल्याच. शाळेच्या व्हरांड्यातून त्या चालत आल्या, की मुलींना पावलांवरून कळे आणि वर्ग गप्प होई.

"बाबा, त्या दिवशी पाऊस होता ना?"

"होता. बर्फासारखा."

"मग ढोल कसा वाजला?"

"कुठला ढोल?"

"तुमचा. चामड्याचा. भिजला की ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा वाजतो, असं तुम्हीच सांगायचात."

वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला.

"बाबा, बातम्या संपल्या. हे खतांचं चाललंय."

"मग? मला खतांचं ऐकायचंय."

घरात त्यांची एक कुंडीही नव्हती. बाईंनी रेडिओ बंद केला. "ढोल होता का तिथे?"

"बँड वाजला," वडील म्हणाले. "लिही तसं."

"वाजला की तुम्ही वाजवला?"

वडिलांना प्रश्न बरोबर कळला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुझ्या पुस्तकांतली माणसं मेलेली असतात," ते म्हणाले, "म्हणून तुला सोपं जातं. माझी काही अजून जिवंत आहेत." मग त्यांनी रेडिओ पुन्हा लावला. पुढचे काही दिवस ते जेवताना खिडकीकडे तोंड करून बसले. बाई त्यांच्या पाठीशी बोलत राहिल्या: भाजी संपली, गोळी घेतली का, उद्या उशीर होईल. विषय सोडला नव्हता, फक्त वळसा घेतला होता.

बँडमधला आणखी एकच माणूस हयात होता. तो क्लॅरिनेट वाजवायचा, आवाज किरटा होता, म्हणून त्याला सगळे पिपाणी म्हणत. निवृत्तीनंतर तो वाद्यं दुरुस्त करी. बाई गेल्या तेव्हा तो गॅलरीत बसून एका क्लॅरिनेटच्या कळीखाली नवं बूच चिकटवत होता.

"तुझ्या बापाने पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही."

"मग बस," तो म्हणाला. "त्याने पाठवलं असतं तर मीही बँडच वाजवला असता."

वाद्यं माघारीच्या आधीच ट्रकमध्ये घालून मागे पाठवली होती, हे त्याने बूच दाबून धरतच सांगितलं. त्यात गुपित असं काही नव्हतं. लढाई सुरू झाली की बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं, हे तर नेमातच होतं. पलटणीत ते सगळ्यांना ठाऊक असायचं. फक्त त्याचं चित्र कोणी काढत नाही.

"पण एक गंमत सांगतो. स्ट्रेचर उचलायला सगळ्या पलटणीत आमच्याइतकं नालायक कोणी नव्हतं."

"का?"

"पाय जुळायचे! पुढचा आणि मागचा एका पावलावर चालले, की स्ट्रेचर झोक्यासारखं उडतं. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा पडला पाहिजे. आता आम्ही आयुष्यभर काय केलं? सगळ्यांचा डावा एकदम. सरावाला आचाऱ्याला पेशंट म्हणून झोपवला होता. चांगला गुबगुबीत. मैदानाला एक फेरी मारली आणि तो खाली उतरून ओकला. डॉक्टर ओरडतोय, 'पाऊल मोडा! पाऊल मोडा! ही परेड नाही!' आम्ही मोडायचो. दहा पावलं गेलं की परत जुळलं. बोलून उपयोग नाही, पायच ऐकत नाहीत."

"मग?"

"मग प्रत्येक जोडीने आपापला उपाय काढला. पुढच्याने एक चाल धरायची, मागच्याने दुसरीच, वेगळ्या ठेक्याची. पुढचा कूच, मागचा अंगाई. मनातल्या मनात जमत नव्हतं, तोंडाने म्हणावं लागे. तुझा बाप आणि कॉर्नेटवाला एका जोडीत होते. पुलावर मी नव्हतो. मला त्याआधीच कावीळ झाली. पुढचं तुझ्या बापालाच विचार."

बाई घरी आल्या. वडील खिडकीशी होते. बाईंनी पर्स ठेवली आणि एवढंच म्हटलं, "पाऊल मोडा."

वडिलांनी स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला.

"पिपाणी," ते म्हणाले. "मरत पण नाही लेकाचा."

"मी हे लिहिणार आहे, बाबा."

"मला काही नाही त्याचं. मला लोक खोटारडा म्हणतील, म्हणू देत. मेळाव्यात चहा आणि टाळ्या मिळत होत्या, त्या मिळणार नाहीत." ते बाईंकडे वळले. "पण काकूंना आधी सांग. त्या हो म्हणाल्या तर लिही. नाही म्हणाल्या तर एक अक्षर छापायचं नाही. शब्द दे."

काकू म्हणजे कॉर्नेटवाल्याची बायको. तो पुलावर गेला तेव्हा तिचं लग्न नवं होतं आणि मूल पोटात होतं. नवरा वाजवता वाजवता गेला, हे तिला बाईंच्या वडिलांनीच सांगितलं होतं. तिने ते मुलाला सांगितलं, मुलाने आपल्या मुलांना. तिच्या दुकानात गल्ल्याच्या वर कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, घेतलेला त्याचा फोटो होता.

शब्द देणं बाईंना परवडणारं नव्हतं. समितीला लेख हवा होता आणि खोटा लेख देण्याची त्यांची तयारी नव्हती. काकू नाही म्हणाल्या तर बँडची दोन पानं कर्नलसाहेब दुसऱ्या कोणाला देणार, आणि तिथे पुन्हा पहाट फुटणार. तरी त्यांनी शब्द दिला.

काकूंची लाँड्री होती. आता सून चालवत असे, पण कपड्यांना चिठ्ठ्या टाचायचं काम काकूंनी सोडलं नव्हतं. चूक होऊन एकाचा शर्ट दुसऱ्याकडे गेला, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. बाई काउंटरशी उभ्या राहिल्या आणि सगळं सरळ सांगितलं. वाद्यं ट्रकमध्ये होती. बँड स्ट्रेचर वाहत होता. काका वाजवत नव्हते.

काकू टाचत राहिल्या. एक पँट, एक चादर, दोन शर्ट.

"म्हणजे ओझं वाहत होता," त्या म्हणाल्या.

"माणूस वाहत होते, काकू."

"वाहताना तोंडाने काही म्हणत होता, असं म्हणालीस."

"हो. पाय जुळू नयेत म्हणून."

"काय म्हणत होता?"

"ते मला माहीत नाही."

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "एवढी शिकलेली तू. माझं एवढ्या वर्षांचं घेऊन जायला आलीस, आणि बदल्यात काय आणलंस? माहीत नाही." त्यांनी टाचणी डबीत टाकली. "ज्याला माहीत आहे त्याला घेऊन ये. तोवर माझं हो नाही आणि नाहीही नाही."

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच निघाले. कडक इस्त्रीचा कोट, डावा पाय पुढे. लाँड्रीत शिरताच सुनेने त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"भावोजी," काकू म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलंत की वाजवत गेला."

"तुम्ही विचारलंत, 'वाजवत होते ना?' मी हो म्हटलं. दारात उभा होतो, वहिनी. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही. नंतर तुम्ही ते सगळ्यांना सांगितलंत, मग मला मागे फिरता येईना. पुढे पुस्तकात आलं. पुस्तकात आल्यावर मग मीच सांगायला लागलो."

काकूंनी हातातली चादर बाजूला ठेवली. "कसं वाहत होता ते दाखवा," त्या म्हणाल्या.

"इथे?"

"मग काय पुलावर?"

वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावरची लांब, गादी लावलेली फळी सुटी होत होती. तिच्यावर घड्या केलेल्या शर्टांची थप्पी होती. त्यांनी मागचं टोक धरलं आणि बाईंना पुढे जायला सांगितलं.

"अहो आजोबा, ते डॉक्टरांचे शर्ट आहेत!" सून ओरडली.

"छान. डॉक्टरांना कळू दे पेशंटला काय होतं ते." ते बाईंना म्हणाले, "तू कूच म्हण. मोठ्याने. माझ्याकडे कान देऊ नकोस."

बाईंनी पलटणीचं कूच धरलं. मागे वडील तीन मात्रांची अंगाई म्हणू लागले. दोघं काउंटरपासून भट्टीपर्यंत चालले. पावलं वेगवेगळी पडत होती आणि थप्पी हलली नाही. परत फिरताना बाईंनी अंगाईकडे लक्ष दिलं. लहानपणी ती त्यांच्यासाठीच म्हटली जात असे. दोन पावलांत पाय जुळले, फळी उसळली, आणि वरचे तीन शर्ट जमिनीवर गेले.

"गेला पेशंट," वडील म्हणाले. "सांगितलं होतं, ऐकायचं नाही."

सून शर्ट झटकत पुटपुटत होती. काकूंनी तिला हाताने गप्प केलं. "हे तुमचं झालं, भावोजी. अंगाई. पुढे तो काय म्हणत होता?"

वडिलांनी फळी खाली ठेवली.

"ऐकलं नाही, वहिनी. ऐकायचंच नव्हतं. पूल तीनदा पार केला, तिन्ही वेळा तो माझ्या पुढे हातभर अंतरावर होता. त्याची मान दिसत होती. आवाज येत होता, शब्द मी आत घेतले नाहीत. तिसऱ्या वेळी पलीकडच्या टोकाशी गोळा पडला. स्ट्रेचर मी सोडलं नाही, पण पुढचं टोक खाली गेलं होतं."

"वरचा माणूस?"

"वाचला."

भट्टीचा आवाज चालू होता. एक गिऱ्हाईक येऊन पावती दाखवून कपडे घेऊन गेलं. काकूंनी चिठ्ठी तपासून मगच गाठोडं दिलं. मग त्या बाईंकडे वळल्या.

"तो घरात एकच गाणं म्हणायचा. नदीवरचं. तेही चालीत नाही. कॉर्नेटवर सूर बरोबर लागायचा त्याचा, गळ्यातून कधी लागला नाही. तेच म्हणत असणार. लिही तू: नदीवरचं गाणं म्हणत गेला. मग माझं हो आहे."

दुकानात सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. वडिलांनी तर मान हलवलीही. बाईंनी फक्त 'बरं' म्हणायचं बाकी होतं. एका गाण्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं, उलट लेखाला शोभाच आली असती.

"नाही लिहिता येणार, काकू," बाई म्हणाल्या.

"का?"

"आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे! नवरा माझा होता."

"घरातलं तुम्हाला माहीत आहे. पुलावरचं कोणालाच नाही. आज मी गाणं घातलं, की उद्या कोणी त्याला पेटी देईल, परवा कोणी पहाट देईल. त्यांनी बाबांना रडवलंय पुस्तकात. काकांचं काय करतील सांगता येत नाही. मी दिलेला शब्द मोडणार नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर काहीच छापणार नाही. पण हे छापणार नाही म्हणजे नाही."

"हट्टी आहे," काकू वडिलांना म्हणाल्या, जणू बाई तिथे नव्हत्याच.

"लहानपणापासून," वडील म्हणाले. "आईवर गेलीय."

"आईवर कसली? तुम्ही काय कमी होतात?" काकूंनी टाचण्यांची डबी पुढे ओढली, पुन्हा मागे सारली. डॉक्टरांचे शर्ट त्यांनी पुढ्यात घेतले. मग म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्याचं ऐकलं असतंत तर?"

"पाय जुळला असता."

"आणि वरचा माणूस पडला असता."

"पहिल्याच फेरीत."

"मग नाही ऐकलंत ते बरोबर केलंत," काकू म्हणाल्या. "हे असंच लिही, बाई. त्याने म्हटलं आणि यांनी ऐकलं नाही. गाण्याची जागा कोरी सोड." त्यांनी एक शर्ट उचलून घडी मोडली, पुन्हा घालायला घेतली. "आणि माझा अंदाज लिही. अंदाज म्हणून लिही. पण माझा म्हणून, त्या समितीचा नाही. तेवढा हक्क आहे माझा."

"आहे," बाई म्हणाल्या. "नक्की आहे."

लेख दोन पानांचा झाला. त्यात गणवेश नव्हता आणि मनोबल नव्हतं. वाद्यांचा ट्रक होता, ओकलेला आचारी होता, मोडलेली पावलं होती. शिपायाचं वाक्य फाटक्या बुटांसकट पूर्ण दिलं होतं. कर्नलसाहेबांनी तो बैठकीत दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. लेख त्यांना आवडला, हे त्यांनी आधी सांगून टाकलं.

"पण तैलचित्राचं काय करायचं? मुखपृष्ठावर तेच घेतलंय. छपाईचा ब्लॉकही झालाय."

"मुखपृष्ठ माझ्याकडे नाही. माझ्याकडे दोन पानं आहेत."

"बरं. मग एवढं करू." त्यांनी पेन्सिलने खूण केली. "इथे तुम्ही लिहिलंय, 'तो काय म्हणत होता हे माहीत नाही, त्याच्या पत्नीच्या अंदाजाने ते नदीवरचं गाणं असावं.' किती हात झटकल्यासारखं वाटतं. 'असावं'च्या जागी 'होतं' करू. एक शब्द. वाचणाऱ्याला बरं वाटेल, त्याच्या बिचाऱ्या पत्नीलाही बरं वाटेल."

"त्यांना बरं वाटणार नाही. त्यांनी 'असावं' म्हणूनच परवानगी दिलीय."

"अहो, इतिहास म्हणजे काय कोर्ट आहे?"

"'असावं' राहत नसेल तर लेख परत द्या," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "पानं रिकामी जाऊ देत. घोड्यांना सहा करा."

समितीतलं कोणीतरी हसलं. कर्नलसाहेबांनी पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. तो खाली जाण्याचं चिन्ह दिसेना. मग त्यांनी खोडरबराने पेन्सिलची खूण पुसली.

त्या वर्षीच्या मेळाव्यात वडिलांनी पुलाची गोष्ट सांगितली नाही. 'ढोलवाले, होऊन जाऊ दे' असं दोघातिघांनी म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तक येतंय, वाचा." काहींना ते लागलं. एका जुन्या सुभेदाराने त्यांच्या शेजारून उठून खुर्ची बदलली. वडील ताठ बसून राहिले आणि कार्यक्रम संपल्यावरच उठले.

लेखाची मुद्रितं तपासायला आली तेव्हा बाईंनी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. रेडिओ बंद होता. पहिलं पान त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या पानावर, 'दोघेही आपापली चाल गुणगुणत पूल पार करत होते,' या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"चूक."

"काय चूक?"

"गुणगुणायला श्वास लागतो. वर माणूस, खाली चिखल, पोट रिकामं. गुणगुणतोय कोण? आम्ही पुटपुटत होतो."

बाईंनी लाल पेनाने 'गुणगुणत' खोडलं, समासात 'पुटपुटत' लिहिलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.